फुलीजवळची सही

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. वॉर्डातली जेवणाची ताटं परत चालली होती, फिनाईलच्या वासात वरणाचा वास मिसळला होता आणि कोपऱ्यातल्या पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हायची होती त्या बाईंपुढे सिस्टरनं क्लिपबोर्ड धरला. छापील फॉर्म, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं विटलेली, आणि खाली उजव्या बाजूला पेन्सिलीनं केलेली फुली. ‘मावशी, फुलीजवळ सही करा.’ बाईंनी उशाखाली चाचपलं. चष्मा नव्हता. सकाळी घाई नको म्हणून चष्मा, बांगड्या आणि मंगळसूत्र मुलानं रुमालात बांधून घरी नेलं होतं. त्यांनी कागद जरा लांब धरला, मग जवळ आणला, आणि सिस्टरचं बोट जिथे होतं तिथे सही केली. अक्षर मोठं होतं, थेट फुलीवरूनच गेलं. क्लिपबोर्ड पुढच्या खाटेकडे सरकला. मग बाईंनी शेजारच्या पेशंटला हळू आवाजात विचारलं, ‘कशाची सही होती ती?’

‘ऑपरेशनची. सगळ्यांचीच घेतात.’

हे उत्तर सलत राहतं. त्यात खोटं काही नाही. सिस्टरचंही काही चुकलं म्हणवत नाही. तिच्या ताब्यात तीस खाटा होत्या आणि रात्रपाळी सुरू व्हायच्या आत पाच जणांचे कागद पुरे करायचे होते. सकाळी कुणी फाईल उघडली असती तर तिथे रीतसर संमतिपत्र होतं, तारीख होती, सही होती. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे जे नियम २००२ साली आले त्यांतलं ७.१६ कलम एवढंच मागतं की शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी; न घेणं हे गैरवर्तनात मोडतं. म्हणजे नियमाच्या दृष्टीनं त्या संध्याकाळी सगळं ठीक झालं. आणि तरीही ज्या बाईंच्या पोटाला छेद जाणार होता, त्यांना आपण कशाला हो म्हटलं ते ठाऊक नव्हतं.

नियम कागदाबद्दल बोलतो. कागदाआधी काय बोललं गेलं पाहिजे, हे आपल्याकडे न्यायालयाला सांगावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल शल्यचिकित्सेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी अथपासून इतिपर्यंत वाचावा असा आहे. चव्वेचाळीस वर्षांची, अविवाहित स्त्री रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडे आली. दुर्बिणीनं आतून तपासायचं ठरलं, त्यासाठी पूर्ण भूल दिली. ती भुलेत असताना एक सहायक डॉक्टर बाहेर आल्या, आईची सही घेतली, आणि आत गर्भाशय, दोन्ही बीजकोश व बीजवाहिन्या काढून टाकल्या गेल्या. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयानंही मानलं. पण तपासणीला दिलेला होकार म्हणजे उपचाराला दिलेला होकार नव्हे, एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, आणि पेशंट सज्ञान असेल, काही तासांत शुद्धीवर येणार असेल, जिवावर बेतलेलं नसेल, तर आईची सहीसुद्धा तिच्या सहीच्या जागी बसत नाही, असं त्या निकालात स्वच्छ लिहिलं आहे. डॉक्टरांची फी नाकारली गेली, शिवाय २५,००० रुपये भरपाई. रक्कम वाचून अस्वस्थ व्हायला होतं. १९९५ मधली घटना, निकाल २००८ मध्ये, आणि गेलेला अवयव तर परत येणारच नव्हता. पण त्या निकालामुळे संमतीचं मोजमाप ठरलं, हेही खरं.

ते मोजमाप अवघड नाही. काय करणार आहोत, कशासाठी, त्यानं काय फायदा अपेक्षित आहे. दुसरा मार्ग आहे का. मोठे धोके कोणते. आणि काहीच केलं नाही तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारी प्रत्येक दूरची शक्यता वाचून दाखवायची गरज नाही, हेही न्यायालयानं सांगितलं. या चार गोष्टी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला लावून पाहाव्यात. लोक तिला ‘खड्याचं ऑपरेशन’ म्हणतात. किडनीतले खडे काढतात आणि किडनी तिथेच राहते, तसंच हेही असेल असा पुष्कळांचा समज असतो. इथे मात्र खड्यांसकट सबंध पित्ताशय काढतात, कारण पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ते साठवते. ती गेल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं आणि बहुतेकांचं पचन नीट चालतं, काहींना काही दिवस पातळ शौचाला होतं. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून सुरू होते, पण आत सूज आणि चिकटलेलं फार असेल तर पोट उघडावं लागतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर चार छोट्या जखमांच्या जागी बरगडीखाली वीतभर चीर पाहून माणूस जागेपणी पहिला प्रश्न करतो, ‘काय बिघडलं?’ मुख्य पित्तनलिकेला इजा हा खरा भीतीचा धोका. तो साधारण हजारात तीन ते पाच जणांना होतो. आणि काहीच केलं नाही तर? खडे आहेत पण त्रास कधीच झालेला नाही, अशा माणसाला बहुधा नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. वारंवार कळा येणाऱ्याला पिशवीला सूज, कावीळ, स्वादुपिंडाचा दाह यांची शक्यता असते. हे सगळं बोलायला दहा मिनिटं लागतात. सही घ्यायला दहा सेकंद.

फॉर्मवर मात्र बहुतेकदा ‘लॅप कोली, एसओएस ओपन’, म्हणजे पित्ताशय दुर्बिणीतून काढणं, गरज पडल्यास पोट उघडून, एवढंच असतं.

आकडे कसे सांगावेत, याचंही एक तंत्र आहे आणि ते शिकवलं जायला हवं. ‘क्वचित होतं’ या शब्दाचा अर्थ डॉक्टरच्या मनात हजारात एक असतो, ऐकणाऱ्याच्या मनात कधी शंभरात दहा तर कधी शून्य. म्हणून ‘असे हजार लोक असतील तर तिघा-चौघांना’ असं बोलावं, आणि पाठोपाठ ‘बाकीच्यांना नाही’ हेही. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर वॉर्डातून हद्दपार करावा असा. पांढऱ्या कोटापुढे त्याचं उत्तर कायम ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारावं, ‘घरी बहिणीचा फोन आला, तिनं विचारलं उद्या काय करणार आहेत, तर काय सांगाल?’ त्या उत्तरात कुठे काय निसटलं ते लगेच कळतं. पेशंटच्या डोक्याची परीक्षा इथे नसतेच. डॉक्टरला समजावता आलं का, ते कळतं. मग निसटलेलं पुन्हा सांगायचं. चित्र काढून सांगितलं तर आणखी बरं. औषधाच्या चिठ्ठीमागे काढलेली वाकडीतिकडी पिशवी छापील फॉर्मपेक्षा जास्त लक्षात राहते.

मोठा धोका म्हणजे कुणासाठी मोठा, हा प्रश्न त्याहून खोल आहे. थायरॉइडची गाठ काढताना आवाजाच्या शिरेला इजा होऊ शकते. इजा झालेल्यांपैकी बहुतेकांना थोडा घोगरेपणा येतो, तो भरून येतो. कायमची इजा शंभरात एखाद्याला. हा आकडा हिशेबनिसाला आणि भाजीच्या गाडीवर दिवसभर हाळी देणाऱ्या माणसाला सारखाच सांगून चालणार नाही, कारण दुसऱ्याचं पोट त्या आवाजावर आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये याच दिशेनं निकाल दिला: मधुमेह असलेल्या गर्भवतीला, बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता शंभरात नऊ-दहा असूनही, डॉक्टरांनी ती सांगितली नव्हती. या स्त्रीला, तिच्या जागी, काय महत्त्वाचं वाटलं असतं, हे त्या न्यायालयानं कसोटी म्हणून धरलं. आपला २००८ चा निकाल तिथवर गेलेला नाही. एखादा समंजस डॉक्टर जेवढं सांगेल तेवढं पुरे, असं तो मानतो. पण त्याहून जास्त सांगायला कुठलाही नियम आडवा येत नाही. ‘तुम्ही काय काम करता?’ हा एक प्रश्न संमतीच्या संभाषणात पहिला यावा. तो कुठल्याही फॉर्मवर नसतो.

सही कुणाची, यावर तर रोज घोटाळा होतो. ‘मिस्टर आले नाहीत? मग ते आल्यावर घेऊ सही.’ खाटेवर बसलेली बाई चाळीस वर्षांची असते, शुद्धीवर असते, आणि तिच्या पोटाचा निर्णय तिच्या नवऱ्याची बस येईपर्यंत लांबतो. या गोंधळाला नियमाचं शब्दांकनही थोडं कारणीभूत आहे. ७.१६ मध्ये पती किंवा पत्नी, अल्पवयीन असेल तर आईवडील किंवा पालक, अथवा खुद्द रुग्ण, असं एका दमात लिहिलं आहे. वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला दोघांचीही संमती लागते असंही पुढे आहे. पण गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराची संमती गरजेची नाही. एकाच देशात, एकाच गर्भाशयाबद्दल, तीन कागद तीन भाषा बोलतात, आणि गोंधळलेला डॉक्टर सगळ्यात सोपा मार्ग धरतो: घरातल्या पुरुषाची सही. सज्ञान आणि भानावर असलेल्या माणसाची संमती त्याची स्वतःची. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून जरूर घ्यावी, बदली म्हणून नाही. पेशंटला वाचता येत नसेल तर मजकूर तिच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस हवा, आणि अंगठ्याशेजारी त्याचं नाव आणि सही. ‘वाचून दाखवले, समजले’ ही ओळ आधीच छापलेली असते, आणि जे छापलेलं असतं ते केलं जातंच असं नाही.

‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका.’

हे वाक्य कुठल्या ओपीडीत ऐकू येत नाही? पेशंट दाराबाहेर गेला की मुलगा चप्पल शोधण्याच्या निमित्तानं मागे रेंगाळतो आणि दबक्या आवाजात हे सांगतो. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. त्याच्यावर रागावता येत नाही. आणि तरी या विनंतीला होकार दिला की पुढची प्रत्येक सही पोकळ होते, कारण ज्या माणसाला आजाराचं नाव माहीत नाही तो केमोथेरपीला कशाच्या आधारावर हो म्हणणार? आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही नाही, असं २००२ च्या नियमांत आहे. पण पेशंटला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना योग्य ती माहिती असावी, असंही तिथेच आहे, आणि त्या ‘किंवा’मधून घराघरांतलं गुपित आत शिरतं. वाट एकच दिसते. निदानाचे रिपोर्ट येण्याआधीच, पेशंट एकटा असताना, त्याला विचारून ठेवायचं: ‘रिपोर्टमध्ये काही गंभीर निघालं तर तुम्हाला स्वतःला किती कळायला हवंय? की मुलाशी बोलू?’ काही जण खरंच म्हणतात, ‘मुलाशी बोला, मला नको.’ तो त्यांचा हक्क आहे आणि तो केसपेपरवर तारखेसह लिहावा. पण बरेच जण म्हणतात, ‘मलाच सांगा, पोराला झेपणार नाही.’ बाहेर पोरगा म्हणत असतो, बाबांना झेपणार नाही.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ असते, ती प्रत्येक पेशंट वाचतो, बाकी काही वाचलं नाही तरी: ‘काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाहीत.’ ही ओळ लिहिणाऱ्याला वाटतं की ती ढाल आहे. ती ढाल नाही. धोक्याची कल्पना देऊन घेतलेली संमती त्या धोक्यापुरती असते. हलगर्जीपणाला आगाऊ माफी कुणीच कुणाला सही करून देऊ शकत नाही, आणि न्यायालयात असल्या ओळीला वजन नसतं. तिनं साधतं एकच: आधीच घाबरलेल्या माणसाला कळतं की समोरचा आपल्यापासून स्वतःला वाचवतोय. ती ओळ खोडावी. त्या जागेवर पेशंटनं काय विचारलं ते लिहावं. ‘पुन्हा स्वयंपाक कधी करता येईल असं विचारलं, आठवड्याभरात हलकं काम, जड उचलणं महिनाभर नाही असं सांगितलं, मुलगा हजर, संध्याकाळी ५.४०.’ पुढे वाद झाला तर ही एक ओळ दहा छापील परिच्छेदांपेक्षा जास्त बोलते, कारण संभाषण झाल्याशिवाय ती लिहिताच येत नाही. आणि ती पेशंटच्या हातीही पडते: नोंदी तीन वर्षं जपून ठेवणं आणि मागितल्यापासून ७२ तासांत देणं, हेही २००२ च्याच नियमांत आहे.

वेळेचाही प्रश्न असतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी चिंता कमी करायला मिडाझोलाम दिलं की त्यानंतरचं बोलणं स्मरणात राहत नाही. त्यानंतरची सही म्हणजे झोपेतली सही. प्रसूतीच्या कळा शिगेला असताना घेतलेली सहीही फारशी वेगळी नाही. सिझेरियनची शक्यता आठव्या महिन्यात बोलायची गोष्ट आहे. भुलीची संमती वेगळी हवी, आणि ती भूलतज्ज्ञानं घ्यावी: कमरेतली की पूर्ण, आणि हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर काय काळजी घेणार. अपघातात बेशुद्ध आणलेल्या, सोबत कुणी नसलेल्या माणसासाठी मात्र थांबायचं नाही. जीव वाचवणं आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं. सद्हेतूनं, संमतीशिवाय केलेल्या अशा कृतीला भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमाचा आधार आहे. तिथे फक्त लिहून ठेवायचं: वेळ, नाडी, रक्तदाब, का थांबता आलं नाही, कुणाला फोन लावून पाहिला. पण पोट उघडल्यावर अनपेक्षित काही दिसलं आणि आत्ता न काढल्यानं जिवाला धोका नसेल, तर टाके घालायचे, माणसाला जागं होऊ द्यायचं आणि मग विचारायचं. दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते, खर्च वाढतो, नातेवाईक चिडतात. तरीही.

नकाराचं काय? रक्त नको म्हणणारा, सिझेरियन नको म्हणणारी, ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी जाणारा. त्याच्याकडून सही घेताना तर जास्तच बोलायला हवं, कारण नाही म्हटल्यावर काय होईल हे त्याला कळलं पाहिजे. रागाच्या भरात डिस्चार्ज कार्ड अडवणं, औषधं लिहून न देणं, ‘आता परत येऊ नका’ म्हणणं, या तिन्ही गोष्टी घडतात. त्याला चिठ्ठी द्यावी, कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं ते सांगावं. दार उघडं असल्याचं त्याला कळलं तर तो मध्यरात्री परत येतो. नाही कळलं तर येत नाही.

डॉक्टरांची बाजू मांडल्याशिवाय हे अपुरं राहील. शंभर पेशंटच्या ओपीडीत दहा मिनिटं आणायची कुठून? छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर ज्या शस्त्रक्रियेची संमती घेतो ती त्यानं कधी पाहिलेलीही नसते. मारहाणीची भीती खरी आहे, आणि भ्यालेला माणूस बोलण्याऐवजी कागद पुढे करतो. शिवाय नियमांच्या बाबतीत पायाखाली वाळू आहे: नवे नियम २ ऑगस्ट २०२३ ला आले, २३ ऑगस्टला स्थगित झाले, पुन्हा २००२ चेच लागू. हे सगळं मान्य करूनही, जो सुरी धरणार आहे त्यानं स्वतः पाच मिनिटं खाटेवर टेकावं, एवढी अपेक्षा जास्त वाटत नाही. उभ्यानं नव्हे, टेकून. तेवढ्यानं वेळ वाढत नाही, पण पेशंटला वाढल्यासारखी वाटते, आणि तो विचारायचं ते विचारतो.

सकाळी पावणेनऊला त्या बाईंना ट्रॉलीवरून ऑपरेशन थिएटरच्या आतल्या दाराशी आणलं. हिरवा गाऊन, केसांना टोपी, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, कडेच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची तपासयादी चिकटवलेली. भूल देण्याआधीच्या त्या यादीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेशंटनंच द्यायचं असतं: नाव, शरीरावरची जागा, शस्त्रक्रिया, संमती. सिस्टर वाचत होती. नाव बरोबर. ‘आज कशाचं ऑपरेशन आहे, मावशी?’

‘खड्याचं. खडे काढायचेत.’

सिस्टरनं बरोबरची खूण करायला पेन टेकवलं होतं. भूलतज्ज्ञांनी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. ‘खडे काढायचे, आणि पिशवीचं काय करणार आहेत?’ बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे. ‘कुठली पिशवी?’

भूलतज्ज्ञांनी मास्क हनुवटीवर ओढला, स्टूल पायानं जवळ सरकवलं आणि हात धुवायला गेलेल्या सर्जनना हाक मारायला सांगितलं. मग फाईल मागितली. सही होती. फुली तिच्याखाली गेली होती, नीट निरखल्याशिवाय दिसत नव्हती.